गुळाच्या पाण्यावरचा हौद

पाऊस तोंड दाखवून गेला तो परत फिरकलाच नाही, आणि अशा कोरड्या दिवसांत नदीवरच्या पुलाचा खांब खचला. सासरे म्हणाले, पाणी होतं तोवर बिचारा उभा राहिला आणि कोरड्यात बसला, त्यालाही ऊन लागलं असेल. त्यावर घरात कोणी हसलं नाही. पूल बंद म्हणजे तेलाचे टँकर लांबच्या रस्त्यानं जाणार. टँकर नाहीत म्हणजे आवारात धुलाई नाही, आणि धुलाई नाही म्हणजे शेतातल्या शेवंतीला पाणी नाही, एवढं सासूबाईंपासून सगळ्यांना कळत होतं.

टँकर धुण्याचं ते आवार त्यांच्याच जमिनीच्या तुकड्यावर होतं. धुलाईच्या मालकानं जागा भाड्यानं घेतली तेव्हा सासऱ्यांनी भाड्यापेक्षा पाण्याचा हट्ट धरला होता. टँकरच्या पोटातून निघालेलं काळं, तेलकट पाणी आधी पहिल्या हौदात जायचं. तिथं तेल वर यायचं, ते पत्र्याच्या सुपलीनं काढून पिपात भरायचं. मग पाणी मोठ्या हौदात. तिथं तळाच्या नळ्यांतून हवा फुरफुरायची आणि पाण्यातले जंतू उरलंसुरलं तेल खायचे. तिसऱ्या हौदात गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी अर्धं परत टँकर धुवायला आणि अर्धं पाइपातून शेवंतीला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी जंतूंचा पहिला डबा आणून ओतला तेव्हाच बजावलं होतं, खायचं पीक या पाण्यावर घ्यायचं नाही. म्हणून फुलं. सासऱ्यांना ते अजून जड जायचं. कोणी विचारलं की म्हणायचे, खायचं सोडून आता बघायचं पीक घेतो.

हौदांवर नवरा कामाला होता. गावात त्याला हौदवाला म्हणायचे, आणि तिला, म्हणजे त्याच्या बायकोला, मास्तरीण. तिनं कधी कुठं शिकवलं नव्हतं. कॉलेज झालेली या घरात ती एकटीच, तेवढ्यावर हे नाव चिकटलं होतं. कॉलेजात तिनं इतिहास घेतला होता. पण घरच्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे कॉलेज. बल्ब उडाला, शेळीनं खाणं सोडलं, मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला, सगळ्याला मास्तरीण. पहिल्यांदा जंतू आले तेव्हाही सासूबाईंनी तिलाच विचारलं होतं, ते चावतात का गं. तिनं नाही म्हणून सांगितलं होतं आणि मग आठवडाभर आपल्या लहानग्या चिमीला उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. नवरा कामावरून आला की त्याला दारातच बादली, साबण. चिमीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत धुवायचं. तो म्हणायचा, अगं, ते तेल खातात, मुलं नाही. ती म्हणायची, बरं, आणि साबण पुढं करायची.

टँकर थांबल्यावर मालकाचा फोन आला. काम सुरू होईपर्यंत पगार नाही, पण जंतू मेले तर नवे आणायला महिने जातील, तेव्हा तेवढे जगवा. हवेचा पंप चालू राहील, विजेचं मी बघतो. नवऱ्यानं प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं. त्या कुठल्याशा प्रवासात होत्या, आवाज तुटत होता. तेल मिळत नसेल तर थोडं गुळाचं पाणी द्या, खताची चिमूट टाका, उपाशी ठेवू नका, एवढं ऐकू आलं आणि फोन गेला.

नवरा पुलाच्या दुरुस्तीवर दगड वाहायला लागला. सकाळी उजाडताच जायचा, तिन्हीसांजेला खांदे सोलवटून यायचा. हौद बायकांच्या अंगावर पडले. सासूबाई सकाळी जायच्या, सून दुपारी, चिमीला काखोटीला मारून. मोठ्या हौदाच्या कोपऱ्यात हवा नीट पोचत नसे, तिथं गाळ बसू नये म्हणून लांब बांबूनं ढवळावं लागे. बांबूचं टोक पाण्यात जड होऊन ओढ घ्यायचं. पहिल्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले, नंतर ते फुटले, मग तिथली कातडी निबर झाली. चिमी हौदाच्या कठड्यापासून लांब, लिंबाच्या खोडाला बांधलेल्या साडीच्या झोळीत. सून ढवळताना एक डोळा पाण्यावर आणि एक झोळीवर ठेवायची, आणि दोन्हीकडे आपलं नीट लक्ष नाही असं तिला सारखं वाटत राहायचं.

थोडं गुळाचं पाणी म्हणजे किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं अंदाजानं एक ढेप बादलीत विरघळवून दाखवली. पहिल्या काही दिवसांत हौद मलूल होता. मग एकदा सासूबाई सकाळच्या आल्या त्या हसतच. फेस धरलाय म्हणाल्या, मऊ, तांबूस, दुधावर येतो तसा. वासही बदलला होता. डांबरट उग्र वास जाऊन भिजवलेल्या पिठाला येतो तसा आंबूस-गोड वास यायला लागला होता. सासूबाईंना ती लेकरंच वाटायला लागली. आज लेकरं खूश होती, आज लेकरं जरा सुस्त वाटली. सुस्त वाटली की त्या पदरातून आणलेला गुळाचा खडा वरून टाकायच्या. सून दुपारी जायची तेव्हा तिलाही शंका यायची, सकाळी नीट विरघळला असेल का, पुरला असेल का. न पुरण्यापेक्षा जास्त झालेला बरा, असा विचार करून ती अर्धी बादली आणखी ओतायची. आणि नवरा पुलावरून येताना वाटेत आवारात डोकवायचा, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तोही काहीतरी टाकायचा. एकानं टाकलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं. उलट जेवताना त्याचं कौतुकच व्हायचं.

त्याच दिवसांत चिमीला ताप आला. दोन-तीन दिवस अंग तव्यासारखं. काही पोटात जाईना तेव्हा सुनेनं चमच्या-चमच्यानं दूधसाखर पाजली. ताप उतरला, पण मुलगी भाताला तोंड लावेना. मऊ भाताचा घास ओठांशी नेला की मान फिरवायची, ओठ आवळून धरायची, जबरदस्तीनं घातला तर जिभेनं बाहेर ढकलायची. दूधसाखर दिसली की दोन्ही हात पुढं. सून रोज ठरवायची, आज साखर नाही. आणि रोज संध्याकाळी त्या बारक्या मनगटाकडे बघून वाटी भरायची.

तिकडे तिसऱ्या, निवळीच्या हौदातलं साठलेलं पाणी सासरे तांब्यानं मोजल्यासारखं शेवंतीला घालत होते. एकेका रोपाच्या बुडाशी, उकिडवे बसून, हळूहळू सरकत. कळ्या धरल्या होत्या, हिरव्या, घट्ट, वाटाण्याएवढ्या. हौदाचा तळ दिसायला लागला त्याच सुमाराला पूल उघडला.

पहिला टँकर आवारात शिरला तेव्हा सासूबाईंनी ड्रायव्हरला चहा पाठवला. नवरा पुन्हा रबरी बुटांत शिरला, होज पाइप खांद्यावर घेतला. काळं पाणी पहिल्या हौदात आलं, सुपलीनं वरचं तेल निघालं, उरलेलं मोठ्या हौदात गेलं. तांबूस फेसावर काळी धार पडली तेव्हा सून कठड्याशी उभी होती. इतके दिवस पोसलेल्या तोंडांना आता खरं जेवण मिळतंय, असं काहीसं तिच्या मनात आलं, आणि आपणही सासूबाईंसारखंच बोलायला लागलो म्हणून तिचं तिलाच हसू आलं.

पाणी नितळ झालं का ते बघायची या घराची स्वतःची रीत होती. आवाराला तपासणीचं कुठलंसं यंत्र मिळणार होतं, ते काही आलं नाही. तेव्हा सुनेनंच चिमीच्या जुन्या पांढऱ्या लंगोटांच्या पट्ट्या फाडल्या होत्या. पट्टी निवळीच्या पाण्यात बुडवायची, उन्हात वाळवायची आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मुरला तर पाणी चांगलं. थेंब मण्यासारखा वरच बसून राहिला तर पाण्यात तेल आहे.

थेंब बसून राहिला. दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशीही. निवळीच्या हौदावर सकाळच्या तिरप्या उन्हात मोरपिशी रंग फिरत होते. मोठ्या हौदाला मात्र काही झालेलं दिसत नव्हतं. फेस होता, हवा फुरफुरत होती, वासही तसाच गोडसर, फक्त त्यावर तेलाची झाक. सगळं जिवंत होतं आणि काहीच होत नव्हतं.

सासऱ्यांना दम निघेना. कळ्या माना टाकत होत्या. ते कोणाला न विचारता एका सरीत ते पाणी सोडून आले. संध्याकाळी सून गेली तर पाणी मातीवर तसंच उभं होतं, जिरलंच नव्हतं. अळूच्या पानावर पाणी पळतं तसं ढेकळांवरून इकडंतिकडं पळत होतं. दोन दिवसांनी त्या सरीतली पानं बुडापासून पिवळी पडली. सासरे बांधावर बसून होते. तिला बघून म्हणाले, "माती पाणी प्यायला तयार नाही. असलं मी जन्मात बघितलं नव्हतं." मग त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

मालक आला तो दुपारचा. सून चिमीला घेऊन लिंबाखाली होती. नवरा समोर उभा, बूट चिखलात रुतलेले. मालक निवळीच्या हौदाशी वाकला, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं, नाकाशी नेलं. मग बोलता बोलता त्यानं ते बोट नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीला पुसलं. रागानं नाही. शेजारी फडकं लटकत असावं आणि त्याला हात पुसावा, तितक्या सहज. बोलणं चालूच होतं. मला धुवायला पाणी लागतं, बोअर आता फक्त हवा ओढते. हेच पाणी फिरवून वापरायचं म्हणून एवढा खटाटोप केला. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर गाळणीचं मशीन बसवतो. त्या मशीनचं पाणी थेंबन् थेंब धुलाईलाच लागेल, शेताकडचा पाइप मग काढून घ्यावा लागेल. तुम्हीही समजून घ्या.

नवरा हो हो म्हणत होता. बाहीवर बोटभर काळपट पट्टा होता. तिकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. घरी आल्यावर सुनेनं तो शर्ट साबणानं चोळला, राखेनं चोळला, लिंबू लावलं. डाग फिका झाला, गेला नाही. ती धूत होती तेव्हा नवरा ओट्यावर बसून बुटांचा चिखल काढत होता.

त्या संध्याकाळी जेवताना ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण होतं. नवरा म्हणाला, पंपाचा जोर कमी झालाय. सासरे म्हणाले, टँकरवाले कसलातरी नवा साबण वापरतात, त्यानं जंतूंना भोवळ आली असेल. सासूबाई म्हणाल्या, लेकरं अशक्त झालीत, आपल्यालाच द्यायला कमी पडलं, उद्यापासून एक ढेप वाढवते. मग सगळ्यांनी मास्तरणीकडे बघितलं. तिला काय सांगावं कळेना. तिला आठवत होत्या त्या लढाया आणि तह. तिच्या मांडीवर चिमी भाताचा घास जिभेनं ढकलत होती, आणि तिच्या हनुवटीवरून शितं ओघळत होती.

घास पुसता पुसता तिचा हात थांबला. हौदातल्यांचंही असंच झालं असेल का? पण असलं मोठ्यानं बोलायची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. लागेपर्यंत तीनदा चिमीनं तो हातातून ओढला. बाईंनी बरंच विचारलं. पंप, खत, ऊन, गूळ. गूळ किती, या प्रश्नाला सुनेनं खरं ते सांगितलं, की नक्की माहीत नाही, घरातले सगळेच टाकत होते. मग बाई म्हणाल्या, तुमच्या हौदात आता बहुतेक गूळ खाणारेच माजलेत, तेल खाणारे मागे पडले असतील. किंवा तेच आहेत पण सवय मोडली असेल. बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मला तर पुढच्या महिन्याशिवाय येता येणार नाही.

"मग गूळ बंद करू का?" सुनेनं विचारलं.

"करून बघा. पण जपून. एकदम तोडलंत तर सगळेच मरतील."

"आणि नाही तोडलं तर?"

"तर हे असंच राहील."

फोन ठेवल्यावर तिला आधीपेक्षा जास्त गोंधळल्यासारखं झालं. करून बघा आणि जपून, हे दोन्ही एकाच हातानं कसं करायचं?

तिनं नवऱ्याला सांगितलं, अख्ख्या हौदाशी खेळायला नको, एक पीप बाजूला काढू. पंपाच्या खोलीमागं सावलीत निळं पीप होतं. त्यात हौदातला गाळ भरला, हवेची एक नळी फाटा देऊन आत सोडली. गूळ बंद. पहिल्या हौदातलं तेलकट पाणी रोज फक्त मगभर, आणि खताची चिमूट. मोठ्या हौदाचा गूळही कमी करत न्यायचा, पण हळूहळू.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या पिपापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या कधी मोठ्यानं बोलायच्या नाहीत. आत्ताही हळूच म्हणाल्या, "समोरचं ताट ओढून घ्यायचं म्हणजे बरं नव्हे गं."

सून म्हणाली, "आई, ताट ओढत नाहीये. दुसरं वाढतेय."

"तेल?" सासूबाई म्हणाल्या. "तू पिशील?"

सुनेनं पिपातली नळी सरळ केली, आणि सासूबाई पदराचं टोक मुठीत धरून निघून गेल्या. त्या टोकात गुळाचा खडा बांधलेला आहे हे दोघींनाही माहीत होतं. त्या दिवसापासून सून पिपावर पत्रा ठेवायला लागली, पत्र्यावर दगड. आपल्याच सासूपासून काहीतरी झाकून ठेवतोय हे तिला बोचत होतं. सासूबाईही येता-जाता त्या दगडाकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या.

पिपाचं लक्षण काही बरं दिसेना. आधी फेस बसला. मग पाणी तांबूस होतं ते मातकट झालं, मातकटाचं काळपट. गोड वास गेला आणि कुजल्यासारखा यायला लागला. सून रोज पत्रा उचलायची, नाक पदरानं झाकून आत बघायची. काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मेलेले जंतू कसे दिसतात? जिवंत तरी कुठं दिसत होते? मगभर तेलकट पाणी ओततानाही ती मध्येच थांबायची, जास्त झालं तर, कमी पडलं तर. नवरा विचारायचा, काय म्हणतंय पीप. ती म्हणायची, कळत नाही. तो हातपाय धुवायला जायचा. आता साबण आपणहून घ्यायचा.

घरातही तिनं तेच मांडलं होतं. साखरेचा डबा वरच्या फळीवर. चिमी रडायची, आखडून ताठ व्हायची, मग थकून झोपायची. सासूबाई उठून ओट्यावर जाऊन बसायच्या. एकदा सासरे म्हणाले, या घरात सगळ्यांनाच उपाशी ठेवायचं ठरलंय का. थट्टेनंच म्हणाले, पण सून आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासत राहिली.

पट्ट्या मात्र ती चुकवत नव्हती. रोज दोन, एक मोठ्या हौदाच्या मार्गानं निवळीला आलेल्या पाण्याची, एक पिपातलं पाणी बाटलीत निवळत ठेवून त्याची. अंगणातल्या दोरीवर हौदाची डावीकडे, पिपाची उजवीकडे. मग थेंब. रोज दोन्हीकडे मणी. डावीकडचा टपोरा, उजवीकडचा टपोरा.

आणि एका दुपारी ती आवारातून आली तर दोरी रिकामी. वारा सुटला होता, धूळ उडत होती, म्हणून सासूबाईंनी सगळे कपडे आत आणले होते. पट्ट्याही. नुसत्या आणल्या नव्हत्या तर चार-पाच दिवसांच्या साठलेल्या सगळ्या हातानं सरळ करून, एकावर एक घडी घालून ठेवल्या होत्या. तिनं त्या घडीतल्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या आणि उगाचच, आता काय उपयोग म्हणत, एकेकीवर बोटानं थेंब सोडत गेली. मणी. मणी. मणी. मग एकीवर थेंब पडला आणि पसरला. कडा करड्या झाल्या, मध्ये ओल मुरली.

ती तशीच बसून राहिली. मग दुसरा थेंब सोडला, तोही मुरला. पट्टी कुठली? आजची, की उन्हानं तेल उडालेली परवाची? डावीकडची की उजवीकडची? की यातली ही कोरी, न बुडवलेलीच राहिलेली? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला काय माहीत बाई, सगळी लंगोटंच ती. त्यांचा चेहरा उतरला. आपल्या हातून काहीतरी बिघडलं एवढं त्यांना कळलं, काय ते नाही. सुनेलाच मग त्यांची कीव आली. काही नाही आई, म्हणाली, उद्या परत घालते.

तिला उद्यापर्यंत राहवलं नाही. ऊन होतं अजून. ती पिपाकडे निघाली तर मागून सासरे. त्यांनी पट्टी-बिट्टी काही ऐकून घेतलं नाही. निवळत ठेवलेली बाटली उचलली आणि सरळ शेतात, त्या मेलेल्या सरीच्या पलीकडे जी सरी अजून तग धरून होती तिच्याकडे गेले. उकिडवे बसले. एका रोपाच्या बुडाशी हातानं माती थोडी उकरली आणि बाटली तिरकी केली.

पाणी क्षणभर चकाकलं. मग त्याची कड आत ओढल्यासारखी झाली, बुडबुडा आला, आणि माती काळी पडली. आवाजही आला, बारीक, चुळकन.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. पुढच्या रोपाकडे सरकले, परत माती उकरली. सून मागं उभी. आनंद व्हायला हवा होता, पण तिला ते काळं, घाणेरडं पीप दिसत होतं. ज्याला ती मेलेलं समजत होती ते आतल्या आत जेवत होतं, आणि जो हौद तिला तृप्त, गुबगुबीत वाटत होता तो नुसता फसफसत होता. मग इतक्या दिवसांत आपण नेमकं काय बघत होतो?

पीप मोठ्या हौदात ओतायचं की नाही यावर पुन्हा गोंधळ. नवऱ्याला भीती, एवढ्याशा पिपाला एवढा हौद गिळून टाकेल. शेवटी हौद अर्धा उपसला, त्यातला गोडसर गाळ खड्ड्यात टाकला, आणि मग पीप दोघांनी दोन बाजूंनी धरून कठड्यावर टेकवलं. काळा लोंढा आत गेला. बाजूला सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, खडा काढला, बघितला आणि सुनेच्या हातावर ठेवला. "डब्यात ठेव," म्हणाल्या. "वरच्या फळीवर."

तो खडा ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. चिमी भिंतीशी बसलेली, पुढ्यात सांडलेला भात, गाल रडून चिकट. आईच्या हातात काय आहे ते तिनं बरोबर ओळखलं आणि दोन्ही हात वर केले. सुनेनं डबा उघडला, खडा आत टाकला, झाकण लावलं. चिमीनं भोकाड पसरलं. मग हुंदके. मग नुसती उचकी. सून पाठ करून उभी राहिली आणि स्टीलच्या डब्यावर उमटलेल्या वाकड्या प्रतिबिंबात बघत राहिली. मुलीनं गुडघ्याला चिकटलेलं एक शीत बोटानं टिपलं, रागानं आईच्या पाठीकडे बघितलं आणि तोंडात घातलं. मग दुसरं. सून हलली नाही. आपण वळलो तर ती थांबेल, अशी तिला भीती वाटत होती.

हौदाला यायला दिवस लागले. पट्टीवरचा थेंब आधी नुसता पसरट झाला, मग अर्धामुर्धा मुरायला लागला. मध्येच एक दिवस पुन्हा मणी, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. का ते कळलं नाही. मग परत मुरला. तेही का ते कळलं नाही. दोन सरी, एक तेलकट पाण्यानं आणि एक तहानेनं, गेल्या त्या गेल्याच. उरलेल्यांत सासऱ्यांनी पाइप सोडला तेव्हा कळ्यांच्या टोकांवर पिवळं दिसायला लागलं होतं.

महिना संपता संपता मालक आला. त्याच जागी वाकला. नवरा शेजारी, तोच शर्ट अंगात. सून लिंबाखाली, चिमी आता झोळीत थांबत नव्हती म्हणून कमरेवर. मालकानं बोट पाण्यात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, परत चोळलं. मान हलवली. ठीक आहे म्हणाला, पाइप राहू दे. नवऱ्यानं श्वास सोडलेला तिला इतक्या लांबूनही दिसला. आणि पुढचं बोलता बोलता, नव्या टँकरांच्या वेळा सांगता सांगता, मालकानं ते ओलं बोट नवऱ्याच्या बाहीला पुसलं. त्याच बाहीला.

मालकाची गाडी गेली. नवरा तिथंच उभा राहिला. मग त्यानं बाही पुढं ओढून उन्हात धरली. ओल सुकत होती. खाली जुना डाग होता तेवढाच होता, नवं काही लागलं नव्हतं. त्यानं बाही उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. तिच्याकडे बघून तो हसायला लागल्यासारखा झाला आणि मग हसला नाही.

घरी आल्यावर त्यानं शर्ट काढून तिच्यापुढं टाकला. धुवायला, म्हणाला. सकाळीच धुतलेला घातला होता, हे तिला माहीत होतं. तिनं बादली घेतली, बाही पाण्यात बुडवली आणि साबण लावला.